‘म्हणजे सीआयडीत जाणार का?’

तुम्ही बारावीला किंवा एफवायला असाल आणि घरी जाहीर केलंत की मला क्रिमिनॉलॉजी शिकायचंय, तर पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे सीआयडीत जाणार का?’ विचारणारी आत्या असो नाहीतर शेजारचे काका, प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एसीपी प्रद्युम्नच उभे असतात. आणि ‘सोशिऑलॉजी’ असं सांगितलंत तर तेवढीही करमणूक नाही. थेट सहानुभूती. ‘टक्के कमी पडले का गं?’

मी दोन्ही शिकले. बीएला समाजशास्त्र, एमएला त्याच्या जोडीने गुन्हेशास्त्र. टक्के कमी पडले नव्हते. खरं सांगायचं तर मीसुद्धा सिरियल बघूनच आले होते. रात्री जेवताना टीव्हीवर ‘क्राइम पेट्रोल’ लागायचं आणि शेजारी बसलेले बाबा म्हणायचे, ‘असं काही नसतं.’ बाबा पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले. माझ्या ॲडमिशनवर त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ‘चोर ओळखायला पुस्तकं कशाला लागतात? चेहऱ्यावरूनच कळतं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पहिल्या सेमिस्टरला खून नाही, रक्ताचे डाग नाहीत, काहीच नाही. एमिल दुर्खीम. हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ सांगतो की गुन्हा ही समाजाला झालेली विकृती नाही, ती सामान्य बाब आहे. गुन्हा नसलेला समाजच नसतो. वर्गात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पण जरा आपल्या होस्टेलवर लावून बघा. समजा तुमच्या विंगमध्ये सगळी मुलं अगदी सज्जन आहेत. दारू नाही, मारामारी नाही, कुणी कुणाची बादली उचलत नाही. मग काय होईल? चहाचा कप न विसळता ठेवणारा तिथला गुन्हेगार ठरेल, त्याच्यावर मीटिंग बसेल. म्हणजे कृती किती वाईट आहे एवढाच प्रश्न नाही. रेघ कोण, कुठे आणि कशासाठी मारतं हा प्रश्न आहे. समाजशास्त्राने गुन्हेशास्त्राला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. दोन्ही विषय एकत्र शिकावेत असं मला वाटतं ते याच कारणासाठी.

त्यानंतर आला लोंब्रोसो. इटलीतला डॉक्टर. १८७६ साली त्याने पुस्तक लिहिलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, त्याचा जबडा, कान, कवटी यांवरून तो ओळखता येतो. आम्ही खूप हसलो. एकमेकांचे कान मोजले. आणि मग हसता हसता मला बाबांचं वाक्य आठवलं.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १८७१ साली ब्रिटिशांनी क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर. तुम्ही काही केलंय की नाही हा प्रश्नच नाही, जन्म पुरे. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी अशा कितीतरी लोकांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवलं, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती, तिथली माणसं गिरण्यांमध्ये राबायची. सोलापूरला माझं आजोळ. लहानपणापासून ‘सेटलमेंट’ हे नाव ऐकत आले होते. मला वाटायचं असेल एखाद्या पेठेसारखं नाव. त्याचा अर्थ मला एमएच्या वर्गात, इंग्रजी पुस्तकातून कळला. तोही मामाच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवरच्या जागेचा. लाज वाटली.

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठीच. पण कायदा गेला तरी नजर राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत नक्की असेल, साहित्य अकादमी मिळालेलं आत्मकथन आहे. अभ्यासक्रमात लागलंय म्हणून गाइडवर भागवू नका, मूळ वाचा. गुन्हेशास्त्रात ‘लेबलिंग थिअरी’ नावाचं प्रकरण आहे. अमेरिकेच्या हॉवर्ड बेकरचं १९६३ चं पुस्तक त्यासाठी सगळीकडे शिकवतात. आपल्याकडे हे शिकवायला अमेरिकेला जायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण परीक्षेत बेकरच लिहा, मार्क त्यालाच असतात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना विचारलं. सरळ नाही, आडून आडून. ‘बाबा, रात्री घरफोडी झाली की तुमची पहिली गाडी कुठे जायची?’

ते चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘कुठे म्हणजे? पालावर.’

‘पुरावा असायचा?’

‘पुरावा नंतर. आधी दोघं-तिघं आणून बसवायचे. वरून फोन सुरू असतात, पेपरवाले बाहेर उभे. काहीतरी करतोय हे दिसायला लागतं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि कधीकधी माल खरंच तिथे सापडायचा. तुझ्या पुस्तकात ते पण लिही.’

मी गप्प बसले. माझ्याकडे उत्तर होतं. सारखं एकाच ठिकाणी शोधलं तर सापडेल तेही तिथेच, दुसरीकडे शोधायला गेलं कोण? पण ते त्या दिवशी म्हणाले नाही. घरातल्या माणसाशी बोलताना थिअरी तोंडात अडकते. तुम्ही हा विषय घेतलात तर तुमच्याही घरी असा एखादा चकलीचा प्रसंग येईलच. वडील पोलिसात असायला हवेत असं काही नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण या विषयात निम्मं काम तेच आहे आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ‘क्राइम इन इंडिया’ नावाचा जाडजूड अहवाल काढतं. तो आला की दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग, ‘अमुक राज्यात गुन्हे वाढले’. आमच्या सरांनी पहिली असाइनमेंट दिली ती अशी, की ही हेडिंगं गोळा करा आणि कुठली चुकीची आहेत ते सांगा.

तुमच्यापैकी किती जणांचा मोबाईल बसमध्ये गेलाय? पोलीस ठाण्यात गेलात तेव्हा काय झालं? ‘चोरीला गेला असं लिहू नका, गहाळ झाला असं लिहा, सिम लगेच मिळेल.’ तुम्ही पण म्हणालात, जाऊ दे. झालं. चोरी घडली, पण आकड्यात चोरी नाही. उलट एखादा अधिकारी आला आणि म्हणाला, येईल ती तक्रार नोंदवून घ्या, तर त्या वर्षी त्या ठाण्याचे ‘गुन्हे वाढले’. पोलिसांच्या आकड्यात वाढ म्हणजे गुन्ह्यांत वाढ असं समजू नका, असं एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात बजावतं. ते पान कुणी उघडत नाही. अजून एक गंमत म्हणजे एका एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असतील तर मोजणीत फक्त खून धरतात. ज्याला शिक्षा सगळ्यात मोठी, तोच गुन्हा.

आणि जे ठाण्यापर्यंत पोचतच नाही त्याचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, थेट बायकांना घरी जाऊन विचारलं होतं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. कुणाकडे तरी म्हणजे पोलिसांकडे नव्हे. आई, बहीण, शेजारीण, सगळं धरून. बाकीच्यांपैकी बहुतेक गप्प. गुन्हेशास्त्रात या न दिसणाऱ्या भागाला ‘डार्क फिगर’ म्हणतात. एकदा हे कळलं की पेपर वाचायची सवय कायमची बिघडते, हा इशारा देऊन ठेवते.

दुसरा न दिसणारा भाग पांढऱ्या कॉलरचा. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली समाजशास्त्रज्ञांच्याच सभेत भाषण करताना विचारलं की गुन्हा हा फक्त गरिबांचाच असतो का, कंपन्यांतले मोठे लोक करतात त्याला काय म्हणायचं? ‘स्कॅम १९९२’ बघून तुम्हाला हर्षद मेहताचं संगीत रिंगटोन ठेवावंसं वाटलं होतं ना? मलाही. पतसंस्थेत निवृत्तीचे पैसे अडकलेले एखादे आजोबा तुमच्या ओळखीत असतीलच. त्यांच्या चोराचा चेहरा कसा असतो हे बाबांना मी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, ‘त्याला आम्ही साहेब म्हणायचो.’

आता फील्डवर्क. आमच्या कोर्समध्ये आठवड्याचे दोन दिवस बाहेर असायचे. मला मिळालं ते तुरुंगातल्या कायदेशीर मदत केंद्रात. पहिल्या दिवशी पोटात गोळा, दुसऱ्या दिवशी कंटाळा. कारण तिथे जे करायचं ते कारकुनी. रजिस्टर, वही, पेन. नाव, कलम, अटकेची तारीख, पुढची तारीख, वकील आहे का, जामीन झालाय का.

त्या यादीत एक मुलगा होता. १९ वर्षांचा, मराठवाड्यातला, शहरात एका केटररकडे लग्नांत वाढपी म्हणून कामाला. मोबाईल चोरीचा आरोप. केला होता की नाही, मला माहीत नाही; ते ठरवणं माझं कामही नव्हतं. वहीत त्याच्या नावापुढे ‘जामीन मंजूर’ लिहिलेलं. मला वाटलं चूक झाली. मंजूर आहे तर हा इथे काय करतोय? शेजारच्या सीनियर ताईला विचारलं. ती म्हणाली, ‘पुढचा कॉलम बघ.’ पुढे लिहिलं होतं, १५ हजारांचा जामीनदार. तो कोकरा रकाना चार महिने रिकामा होता.

जामीनदार म्हणजे असा माणूस जो कोर्टात उभा राहून म्हणेल, याची हमी मी घेतो. त्याच्याकडे कागद हवेत. घराची पावती, सातबारा, पगाराची स्लिप. त्या मुलाचे आई-वडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. शहरात ओळखीचा एकच, केटरर. तो कोर्टाचं नाव काढताच फोन उचलेना. चोरीला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. याने चार महिने काढले होते, तेही जामीन मिळाल्यानंतर. मी त्याला विचारलं, घरी कळवलंय का? तो म्हणाला, ‘ताई, आईचा नंबर मोबाईलमध्ये होता. मोबाईल जमा आहे.’

पुढे मदत केंद्रातल्या वकिलांनी अर्ज केला, अट कमी झाली, तो सुटला. यात माझा वाटा काय? मी फक्त तो रिकामा रकाना वर दाखवला. सिनेमात असतं तसं काही झालं नाही.

पण हा एकटा नव्हता, म्हणून तर हे शास्त्र. एनसीआरबीच्याच आकड्यानुसार २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारातले तीन. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सूचना दिल्या की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात पूर्तता झाली नाही तर कोर्टाने अट बदलायचा विचार करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की जन्मठेप-फाशीचा गुन्हा नसेल आणि आरोपी पहिल्यांदाच अडकलेला असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला बाँडवर सोडायचं. चांगलंय. पण त्याच कलमात पुढे आहे की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आता ती पालावरची गाडी आठवा. दर घरफोडीला ज्याला उचललं जातं, त्याच्या नावावर प्रलंबित किती असतील? दोन्ही विषय एकत्र का शिकायचे याचं उत्तर मला तिथे मिळालं. कायदा वाचला की सवलत दिसते. कुणापर्यंत पोचत नाही ते समाजशास्त्र दाखवतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला, तुरुंगात जातीवरून कामं वाटणाऱ्या नियमांविरुद्ध. कुणी झाडू मारायचा, कुणी स्वयंपाक करायचा, हे काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याबद्दलही त्यात कोर्ट बोललंय. हा निकाल तुम्ही शोधून वाचा. समाजशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्यात आहे.

‘हे सगळं ठीक, पण नोकरी?’ हा आत्याचा दुसरा प्रश्न. प्रामाणिक उत्तर देते. पगाराचे मोठे आकडे इथे नाहीत आणि कॅम्पसला कंपन्या रांगा लावत नाहीत. पण कामं आहेत, आणि ती खरी आहेत. बाल न्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली एक तरी स्त्री असावी लागते. मंडळापुढे आलेल्या मुलाच्या घरची, शाळेची, वस्तीची पाहणी करून ‘सामाजिक तपास अहवाल’ लिहायचं काम परिविक्षा अधिकाऱ्याचं. तो अहवाल म्हणजे तुमचं बीएचं सगळं शिक्षण चार पानांत, आणि त्या चार पानांवर एका पोराचं पुढचं आयुष्य. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, टिसने, पोलिसांच्या सोबतीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे समुपदेशक ठाण्याच्या आवारातच बसतात. १९९० पासून टिसचाच ‘प्रयास’ हा प्रकल्प कैद्यांसोबत काम करतोय. शिवाय बाल संरक्षण कक्ष, विधी सेवा, संशोधन, शिकवणं. आणि यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेणारे तर तुमच्या अभ्यासिकेतच बसलेले असतात, त्यांना विचारा.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला, पुढे गो. स. घुर्ये तिथे आले आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास त्यांच्या हाताखाली शिकले. नुसतं गुन्हेशास्त्र हवं तर मद्रास, मध्य प्रदेशातलं सागर, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ इथे विभाग आहेत. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, वेबसाइट स्वतः उघडून बघा, मित्राच्या मित्राच्या व्हॉट्सॲपवर जाऊ नका. आणि एक घोळ टाळा. फॉरेन्सिक सायन्स वेगळं, क्रिमिनॉलॉजी वेगळं. बोटांचे ठसे, डीएनए, विषं हवी असतील तर सायन्स लागतं. आर्ट्सच्या पोरांना ‘तीन महिन्यांत क्रिमिनल प्रोफायलर व्हा’ अशा ऑनलाइन जाहिराती दिसतात. माझ्या मैत्रिणीने भरले पैसे. सर्टिफिकेट छान आलं, लॅमिनेट करून ठेवलंय.

गेल्या महिन्यात बाबांनी माझा प्रबंध वाचायला घेतला. इंग्रजीत आहे, म्हणून मीच शेजारी बसून सांगत होते. त्या केटररच्या पोराचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. ‘कलम कुठलं होतं?’ सांगितलं. ‘मोबाईल जमा केला तेव्हा घरचा नंबर लिहून घ्यायला पाहिजे होता,’ ते म्हणाले. ‘आम्ही घ्यायचो.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘नेहमी नाही घ्यायचो.’

ॲडमिशनचा फॉर्म भरण्याआधी एक करा. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात एक दिवस जाऊन बसा. खुल्या कोर्टात कुणालाही मागे बसता येतं, पास लागत नाही. कुणी विचारलं तर कॉलेजचं आयकार्ड दाखवा. फोन बंद करून खिशात, नाहीतर शिपाई बाहेर काढेल आणि तो बरोबर असेल. रिमांडला आणलेली माणसं भिंतीला टेकून उभी असतात, त्यांच्याकडे बघा, पायांकडे बघा. कुणाच्या मागे नातेवाईक आलेत, कुणाच्या मागे कुणीच नाही, वहीत लिहा. कोण किती मिनिटं बोललं तेही लिहा. वही साधी चालेल. आणि डबा घेऊन जा, कारण ज्या केससाठी तुम्ही थांबाल तिचा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतरच होतो.